हृदयरुग्ण घरी गेल्यानंतर : परिचर्या संशोधनाची शिकवण

हृदयविकारावरील उपचार म्हटले की शस्त्रक्रियागृह, अतिदक्षता कक्ष, हृदयाचे आलेख काढणारी यंत्रे आणि निष्णात डॉक्टर यांचे चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. हे चित्र खरे आहे, परंतु अपुरे आहे. हृदयविकाराचा रुग्ण रुग्णालयात राहतो तो काही दिवस. त्यानंतरची वर्षे तो आपल्या घरी, शेतावर, दुकानात किंवा कचेरीत काढतो. वर्षाचे तास ८,७६०. त्यांपैकी डॉक्टरांच्या समोर तो बसतो ते मोजके तीन-चार तास. बाकीच्या वेळात गोळी घ्यावयाची की नाही, जेवणात मीठ किती असावे, पायांवर आलेली सूज दाखवावयाची की अंगावर काढावयाची, याचे निर्णय तो स्वतः आणि त्याच्या घरची माणसे घेत असतात.

या उरलेल्या वेळेचा शास्त्रशुद्ध अभ्यास मुख्यतः परिचारिकांनी केला. रुग्णाच्या उशाशी सर्वाधिक काळ वावरणाऱ्या परिचारिकांनीच हा प्रश्न प्रथम नेटाने हाती घ्यावा, हे स्वाभाविकच होते. गेल्या तीन दशकांत या विषयावर अमेरिका, युरोप आणि दक्षिण अमेरिकेत झालेल्या संशोधनातून जे हाती आले आहे, त्यातील बराचसा भाग आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांना, ग्रामपंचायतींना आणि शाळांनाही उपयोगी पडण्याजोगा आहे. त्याचा परिचय करून देणे हा या लेखाचा उद्देश आहे.

परिचर्या : सेवा आणि शास्त्र

परिचर्या म्हणजे केवळ सेवाभाव, अशी समजूत आपल्याकडे अद्याप पुष्कळ ठिकाणी आढळते. तथापि, आधुनिक परिचर्येचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल या संख्याशास्त्राच्या उत्तम जाणकार होत्या, ही गोष्ट विसरता कामा नये. क्रिमियन युद्धातील सैनिकांच्या मृत्यूंची कारणे त्यांनी आकडे आणि आकृत्यांच्या साहाय्याने राज्यकर्त्यांपुढे मांडली, आणि जखमांपेक्षा अस्वच्छतेतून उद्भवणारे रोग अधिक सैनिकांचे बळी घेतात हे दाखवून दिले. निरीक्षण, नोंद आणि गणित या तिन्हींची जोड सेवेला मिळाली, तेव्हाच परिचर्येचे शास्त्र झाले.

परिचर्येच्या संशोधनाला वाहिलेले स्वतंत्र नियतकालिक अमेरिकेत १९५२ साली सुरू झाले. १९७१ मध्ये डोरोथिया ओरेम या परिचर्याशास्त्रज्ञ बाईंनी आपल्या ग्रंथातून एक साधा, पण दूरगामी विचार मांडला. प्रत्येक माणूस स्वतःची काळजी घेत असतो. आजारपणामुळे ही क्षमता अपुरी पडते, तेव्हा ती उणीव भरून काढणे आणि शक्य तितक्या लवकर रुग्णाला पुन्हा स्वतःच्या काळजीस समर्थ करणे, हे परिचारिकेचे कार्य होय. या विचाराला 'स्वपरिचर्या' असे म्हणता येईल. हृदयरुग्णांविषयीचे पुढील संशोधन बव्हंशी याच सूत्राभोवती गुंफलेले आहे.

भारतात १९४६ साली दिल्ली आणि वेल्लोर येथे परिचर्येचे पदवी शिक्षण सुरू झाले. आज आपल्या राज्यात परिचर्येच्या पदव्युत्तर शिक्षणाचीही सोय आहे आणि त्या अभ्यासक्रमात विद्यार्थिनींना संशोधन-प्रबंध सादर करावा लागतो. या प्रबंधांसाठी कोणते प्रश्न निवडावेत, याचा विचार लेखाच्या अखेरीस केला आहे.

दुर्बल हृदयाचे दुखणे

हृदयविकाराचे प्रकार अनेक आहेत. त्यांपैकी स्वपरिचर्येच्या दृष्टीने सर्वांत अधिक अभ्यासला गेलेला प्रकार म्हणजे ज्याला डॉक्टर 'हार्ट फेल्युअर' म्हणतात तो. हे नाव ऐकून हृदय बंद पडले अशी भीती रुग्णाला वाटते. परंतु त्याचा अर्थ तसा नाही. हृदयविकाराचा झटका, दीर्घकाळचा उच्च रक्तदाब, झडपांचा आजार किंवा अन्य कारणांमुळे हृदयाचा स्नायू दुर्बल अथवा ताठर होतो आणि शरीराला हवे तेवढे रक्त पुरविण्यास तो असमर्थ ठरतो. मूत्रपिंडांना रक्त कमी पोहोचले की ती मीठ आणि पाणी शरीरात धरून ठेवू लागतात. हे पाणी पायांत, पोटात आणि अखेर फुफ्फुसांत साचते. रुग्णाला धाप लागते, आडवे झोपता येत नाही आणि त्याला घाईघाईने रुग्णालयात न्यावे लागते.

ही अवस्था बहुतेक वेळा एका रात्रीत येत नाही. एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम असते. म्हणून धाप लागण्याच्या कित्येक दिवस आधीपासून वजनाच्या काट्यावर पुष्कळदा वाढ दिसू लागते. तीन दिवसांत दोन किलोग्रॅमपेक्षा अधिक वजन वाढल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, असा संकेत त्यामुळेच रूढ झाला आहे. पायातील वहाण अचानक घट्ट होणे, पैंजण रुतणे, धोतराची किंवा परकराची गाठ सैल करावी लागणे, रात्री एका उशीऐवजी दोन-तीन उश्या घ्याव्या लागणे, या घरगुती खुणाही तीच गोष्ट सांगत असतात. या खुणा वेळीच ओळखल्या तर औषधाच्या मात्रेत डॉक्टर बदल करू शकतात आणि रुग्णालयात दाखल होण्याचा प्रसंग अनेकदा टळतो.

या आजाराचे गांभीर्य आपल्या देशातील आकड्यांवरूनही स्पष्ट होते. केरळमधील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात २०१३ साली १८ रुग्णालयांतील अशा १,२०५ रुग्णांची नोंद ठेवण्यात आली. त्यांचे सरासरी वय सुमारे ६१ वर्षे होते, आणि वर्षभरात त्यांपैकी जवळजवळ ३१ टक्के रुग्ण मरण पावले. पाश्चात्त्य देशांतील अशा रुग्णांचे वय बहुधा सत्तरीच्या पुढे असते. आपल्याकडे मात्र कुटुंबाची जबाबदारी अंगावर असतानाच हा आजार माणसाला गाठतो.

शिक्षणाने काय साधले ?

रुग्णाला घरी पाठविण्यापूर्वी परिचारिकेने नीट शिकविले आणि घरी गेल्यावर त्याची विचारपूस केली, तर खरोखर काही फरक पडतो काय ? या प्रश्नाचे उत्तर भावनेने देता येत नाही. ते मोजूनच द्यावे लागते. त्यासाठी रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडतात. एका गटाला नेहमीची सेवा, तर दुसऱ्याला तीच सेवा आणि शिवाय परिचारिकेचे मार्गदर्शन दिले जाते, आणि ठरावीक काळानंतर दोन्ही गटांची तुलना होते.

असा एक महत्त्वाचा प्रयोग अमेरिकेतील सेंट लुई येथे डॉ. मायकेल रिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला व त्याचे निष्कर्ष १९९५ साली प्रसिद्ध झाले. त्यात सत्तर वर्षे वा त्याहून अधिक वयाचे २८२ रुग्ण होते. निवडलेल्या गटातील रुग्णांना अनुभवी परिचारिकेने आजाराची माहिती दिली. आहारतज्ज्ञाने जेवणाविषयी सल्ला दिला. औषधांची फेरतपासणी झाली. आणि घरी गेल्यावर भेटी व दूरध्वनीद्वारे त्यांची चौकशी होत राहिली. नव्वद दिवसांत नेहमीच्या सेवेच्या गटातील रुग्णांना एकूण ९४ वेळा पुन्हा रुग्णालयात दाखल व्हावे लागले, तर परिचारिकेच्या देखरेखीखालील गटात हीच संख्या ५३ होती. परिचारिकेचा व इतरांचा खर्च धरूनही प्रत्येक रुग्णामागील एकूण खर्च कमीच आला, ही बाब प्रशासकांनी ध्यानात घेण्यासारखी आहे.

स्वीडनमध्ये अ‍ॅना स्ट्रोम्बर्ग या परिचारिका-संशोधिकेने परिचारिकांनी चालविलेल्या हृदयचिकित्सालयांचा अभ्यास केला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १०६ रुग्ण होते. बारा महिन्यांत चिकित्सालयात येणाऱ्या गटातील ७ आणि नेहमीच्या सेवेच्या गटातील २० रुग्ण मरण पावले. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे मेरी नेलर यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, रुग्णालयातून घरी जाण्याच्या संक्रमणकाळात एकाच प्रशिक्षित परिचारिकेने रुग्णाची साथ तीन महिने केली. वर्षभरात या गटात १०४ वेळा पुनर्प्रवेश झाले. तुलनेच्या गटात ते १६२ होते. रुग्णालयाचा उंबरठा ओलांडल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत नाजूक असतात आणि त्या काळात ओळखीचा, जाणता माणूस पाठीशी असणे मोलाचे ठरते, हे या प्रयोगांतून पुढे आले.

अपयशाची शिकवण

संशोधनाचे खरे मोल त्याच्या प्रतिकूल निष्कर्षांतही असते. परिचर्या संशोधकांनी आपल्या बाजूचे तेवढेच आकडे मांडले असते, तर त्यांच्या म्हणण्याला वजन आले नसते. नेदरलँड्समध्ये टिनी यार्स्मा या परिचर्याशास्त्राच्या प्राध्यापिका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १७ रुग्णालयांतील १,०२३ रुग्णांवर अठरा महिने मोठा प्रयोग केला. रुग्णांचे तीन गट होते : नेहमीची सेवा, परिचारिकेचे साधे मार्गदर्शन आणि परिचारिकेचे सखोल मार्गदर्शन. २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मृत्यू आणि रुग्णालयातील पुनर्प्रवेश यांच्या बाबतीत तिन्ही गटांत निर्णायक फरक आढळला नाही. तेथील 'नेहमीची सेवा' हीच मुळात चांगली होती; हृदयतज्ज्ञांच्या भेटी सर्वांनाच नियमित मिळत होत्या. भरलेल्या भांड्यात आणखी ओतले तर ते सांडणारच. जेथे भांडे रिकामे आहे तेथे मात्र थोड्या सेवेचाही लाभ अधिक होण्याचा संभव असतो, असे यावरून अनुमान करता येईल.

दुसरा प्रयोग दूरध्वनीसंबंधीचा आहे. आर्जेन्टिनातील ५१ केंद्रांत १,५१८ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात प्रशिक्षित परिचारिका रुग्णांना आरंभी दर पंधरवड्यास आणि नंतर प्रकृतीच्या गरजेप्रमाणे दूरध्वनी करीत. वजन, सूज, आहार, औषधे यांची चौकशी होई. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, मृत्यू किंवा हृदयाच्या दुर्बलतेमुळे रुग्णालयात प्रवेश यांपैकी काहीतरी घडलेल्या रुग्णांचे प्रमाण नेहमीच्या गटात ३१ टक्के, तर दूरध्वनीच्या गटात २६.३ टक्के होते. मृत्यूंची संख्या फारशी बदलली नाही. कमी झाले ते प्रामुख्याने रुग्णालयातील प्रवेश.

पुढे अमेरिकेत १,६५३ रुग्णांवर अशाच हेतूने स्वयंचलित यंत्रणा वापरून पाहिली. रुग्णाने रोज एका क्रमांकावर दूरध्वनी करावयाचा, ध्वनिमुद्रित प्रश्न ऐकावयाचे आणि कळ दाबून उत्तरे द्यावयाची, अशी ती रीत होती. ती उत्तरे डॉक्टरांकडील कर्मचारी तपासत. २०१० साली जाहीर झालेला निष्कर्ष निराशाजनक होता. सहा महिन्यांत दोन्ही गटांची स्थिती जवळजवळ सारखीच राहिली. शेवटच्या टप्प्यात आठवड्यातून निदान तीनदा यंत्रणेचा वापर करणारे रुग्ण निम्म्याहून थोडेच अधिक उरले होते. देश आणि रुग्ण भिन्न असल्यामुळे या दोन प्रयोगांची सरळ तुलना करणे योग्य होणार नाही. तरीही प्रश्न विचारणारा आवाज ओळखीच्या माणसाचा असेल तर उत्तर देण्याची ओढ टिकते, हा विचार नव्या यंत्रणा उभारताना डोळ्यांआड करू नये.

तिसरा धडा झटका येताच रुग्णालय गाठण्यास होणाऱ्या विलंबाविषयी आहे. कॅथलीन ड्रॅकप आणि त्यांच्या सहकारी परिचर्या-संशोधकांनी अमेरिका, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील ३,५२२ रुग्णांचा अभ्यास केला. निवडलेल्या गटातील रुग्णांना परिचारिकेने समोर बसवून सुमारे चाळीस मिनिटे झटक्याची लक्षणे व तातडीची कृती समजावून सांगितली. २००९ साली निष्कर्ष आले, तेव्हा रुग्णालयात पोहोचण्यास लागणारा वेळ दोन्ही गटांत सुमारे सव्वादोन तास, म्हणजे जवळजवळ एकच, असल्याचे दिसले. सांगितलेले समजते, परंतु प्रत्यक्ष प्रसंगी भीती, संकोच आणि 'थोडे थांबून पाहू' ही वृत्ती समजुतीवर मात करते.

जाणणे आणि करणे

ही दरी कशी भरून काढावी, याचा विचार अमेरिकेतील बार्बारा रीगल यांनी पद्धतशीरपणे केला. हृदयाच्या दुर्बलतेतील स्वपरिचर्येविषयीचा त्यांचा सिद्धांत २००८ साली प्रसिद्ध झाला आणि २०१६ साली त्यात सुधारणा करण्यात आली. त्यानुसार स्वपरिचर्येचे तीन भाग आहेत. पहिला भाग नित्यनियमाचा : औषधे वेळेवर घेणे, आहार सांभाळणे, झेपेल तेवढी हालचाल करणे, तंबाखू वर्ज्य करणे. दुसरा भाग जाणिवेचा : शरीरात होणारे बदल टिपणे आणि त्यांचा अर्थ लावणे. तिसरा भाग कृतीचा : बदल दिसताच योग्य ते पाऊल उचलणे आणि त्याचा परिणाम झाला की नाही हे पाहणे. तिन्ही भागांना आधार लागतो तो रुग्णाच्या आत्मविश्वासाचा. 'हे मला जमेल' अशी खात्री नसेल, तर पाठ केलेले नियम कागदावरच राहतात.

म्हणूनच शिकविण्याची पद्धतही बदलली आहे. सूचना वाचून दाखविल्यानंतर 'समजले का ?' असे विचारले, तर रुग्ण मानेनेच होकार देतो. त्याऐवजी 'आजी, घरी गेल्यावर सूनबाईला हे तुम्ही कसे सांगाल ?' असे विचारावे आणि त्यांच्याच शब्दांत ऐकावे. काय निसटले आहे ते लगेच कळते. वजन करणे ही गोष्ट सांगण्याची नसून करून घेण्याची आहे. सकाळी उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यानंतर, काही खाण्यापूर्वी, त्याच काट्यावर आणि तेवढ्याच कपड्यांत वजन करावे व आकडा लिहून ठेवावा. रुग्णालयातील मुक्कामात दोन-चार दिवस ही कृती रुग्णाच्या हातून झाली, तर घरी ती सुरू राहण्याचा संभव वाढतो.

रुग्णाने औषध का टाळले, हे न रागावता विचारणे हाही संशोधनाचाच भाग आहे. शरीरातील जादा पाणी काढणाऱ्या गोळीने वारंवार लघवीला जावे लागते. लांबचा एस. टी. प्रवास, बाजाराचा दिवस किंवा आडोसा नसलेल्या शेतावरील खुरपणी असली की रुग्ण, विशेषतः स्त्रिया, ती गोळी टाळतात. यात अडाणीपणा नाही, अडचण आहे. गोळीची वेळ त्या दिवसापुरती बदलता येईल काय, हे डॉक्टरांना विचारले की प्रश्न सुटू शकतो. उपवासाच्या दिवशी औषधे बंद ठेवणे, बरे वाटू लागताच गोळ्या सोडणे, पैसे पुरावेत म्हणून दिवसाआड घेणे, या सवयींचीही अशीच उकल करावी लागते.

आहाराच्या बाबतीत सल्ला नेमका हवा. 'मीठ कमी करा' एवढे सांगून भागत नाही. लोणचे, पापड, खारवलेले सुके मासे, फरसाण, चटणी-ठेचा यांतून मीठ नकळत पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने सर्वसाधारण प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एक लहान चमचाभरापेक्षा कमी, मीठ सुचविले आहे. तथापि, मीठ जितके तोडावे तितके बरे, असेही नाही. कॅनडाच्या पुढाकाराने सहा देशांत ८०६ रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मीठ फारच कडकपणे कमी केल्याने मृत्यू वा रुग्णालयातील प्रवेश घटले नाहीत. अळणी अन्नामुळे म्हाताऱ्या माणसाचे जेवणच तुटले, तर अपाय होण्याचीही भीती असते. रुग्णाला किती मीठ व किती पाणी योग्य, हे त्याच्या प्रकृतीप्रमाणे डॉक्टरांनीच ठरवावे.

स्त्रियांचे दुखणे, घरच्यांचा भार

छातीत मध्यभागी कळ येऊन ती डाव्या हाताकडे जाणे, हे झटक्याचे सर्वपरिचित लक्षण. पण सर्वांनाच ते तसे जाणवते असे नाही. जीन मॅकस्वीनी या परिचर्या-संशोधिकेने हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ५१५ स्त्रियांशी तपशीलवार बोलून २००३ साली निष्कर्ष मांडले. झटक्याच्या आधीच्या काळात त्यांपैकी सुमारे ७१ टक्के स्त्रियांना नेहमीपेक्षा वेगळा, अकारण थकवा जाणवला होता. सुमारे ४८ टक्के स्त्रियांची झोप बिघडली होती. आणि ४२ टक्के स्त्रियांना धाप लागत होती. प्रत्यक्ष झटक्याच्या वेळीही ४३ टक्के स्त्रियांच्या छातीत दुखले नव्हते. थकवा हा तर आपल्याकडील कष्टकरी स्त्रीचा जन्माचा सोबती मानला जातो. म्हणून थकव्याची तक्रार करणारी प्रत्येक स्त्री हृदयरोगी ठरत नाही, हे खरे. पण जो थकवा अचानक वाढला आणि विश्रांतीने गेला नाही, त्याकडे 'बायकांचे नेहमीचेच' म्हणून पाहू नये.

झटक्यानंतर सुमारे पाच रुग्णांपैकी एकाला गंभीर स्वरूपाची खिन्नता येते. असा रुग्ण औषधे टाळतो, व्यायाम सोडतो, माणसांत मिसळत नाही. त्याची पत्नी, मुलगी किंवा सून रात्ररात्र त्याचा श्वास ऐकत जागी असते. जोडीदाराची चिंता रुग्णाच्या सुधारणेवरही परिणाम करते, असे परिचर्या संशोधनात आढळले आहे. म्हणून घरच्या माणसाला शिकविणे आणि त्याचीही विचारपूस करणे, हा उपचाराचाच भाग समजला पाहिजे. भाकरी थापणारी सून मीठ ठरविते; तिला न सांगता केवळ सासऱ्यांना सांगितलेला आहार-सल्ला वाया जातो.

आपल्या गावात काय करता येईल ?

भारतातील परिस्थितीवर प्रकाश टाकणारे दोन अभ्यास येथे नमूद केले पाहिजेत. ८९ केंद्रांतील वीस हजारांहून अधिक हृदयरुग्णांच्या नोंदींवरून २००८ साली असे दिसले की, झटक्याची लक्षणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचण्यास निम्म्या रुग्णांना सहा तासांहून अधिक वेळ लागतो. रक्ताची गुठळी विरघळविण्याचे उपचार जितके लवकर, तितके अधिक गुणकारी असतात. त्या दृष्टीने हा विलंब घातक होय. दुसरा अभ्यास आशादायक आहे. १४ रुग्णालयांतील ८०६ रुग्णांच्या या प्रयोगात प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी रुग्णांना रुग्णालयात आणि घरी भेटून औषधांविषयी व राहणीविषयी मार्गदर्शन केले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, वर्षअखेर औषधे नियमित घेणाऱ्यांचे प्रमाण या गटात ९७ टक्के आणि तुलनेच्या गटात ९२ टक्के होते. कार्यकर्ता पदवीधर तज्ज्ञ नसला तरी योग्य प्रशिक्षणाने तो हे काम करू शकतो, हे त्यावरून दिसते.

आपल्या राज्यात उपकेंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत आरोग्यसेवेची साखळी उभी आहे. असंसर्गजन्य रोगांच्या नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे. २०१८ नंतर अनेक उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी नेमले गेले आणि त्यांत परिचर्येच्या पदवीधरांचाही समावेश आहे. आरोग्यसेविका आणि आशा कार्यकर्त्या तर घरोघरी जातातच. या साखळीत हृदयरुग्णाच्या दृष्टीने जो दुवा अनेकदा कच्चा राहतो, तो म्हणजे रुग्णालयातून घरी येण्याचा. शहरातील रुग्णालयाने दिलेला कागद पिशवीत राहतो आणि गावातील आरोग्यसेविकेला रुग्ण परतल्याचे कळतही नाही.

हा दुवा पक्का करण्यास मोठा निधी लागत नाही. रुग्ण परतल्यावर त्याच्या संमतीने उपकेंद्रास कळविण्याची प्रथा ग्रामपंचायत पाडू शकते. पहिल्या आठवड्यात एक भेट आणि पुढील तीन महिन्यांत ठरावीक अंतराने विचारपूस, एवढा नियम आरोग्य केंद्राला करता येईल. ज्या घरी वजनकाटा नाही, त्या रुग्णाला उपकेंद्रातील काट्यावर वजन करता यावे आणि त्याची नोंद एका लहान वहीत व्हावी. ही वही रुग्णाची असावी. त्याच्या आजाराची चर्चा चावडीवर होऊ नये. ग्रामसभेत वर्षातून एकदा १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेची माहिती द्यावी आणि रात्री-अपरात्री वाहन गावातील कोणत्या वाटेने, कोणत्या खुणेवर बोलवावयाचे हे आधीच ठरवून ठेवावे. ड्रॅकप यांच्या प्रयोगाचा हाच अर्थ घ्यावयाचा, की एकट्या रुग्णाच्या स्मरणावर भिस्त न ठेवता शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही काय करावयाचे ते ठाऊक असावे.

शिक्षकांचा वाटाही लहान नाही. ज्या घरात वडीलधाऱ्यांना वाचता येत नाही, तेथे शाळेत जाणारी नातवंडे गोळ्यांची वेळ सूर्य-चंद्राच्या चित्रांनी दाखविणारा तक्ता करू शकतात आणि वजनाचा आकडा लिहू शकतात. शाळेत संधिवाताच्या तापामुळे झडपा बिघडलेले एखादे मूल असेल, तर त्याला तीन-चार आठवड्यांनी वर्षानुवर्षे पेनिसिलीनचे इंजेक्शन घ्यावे लागते. त्या दिवशी त्याची गैरहजेरी न मांडता उलट इंजेक्शनची आठवण करून देणारा शिक्षक त्या मुलाच्या हृदयाचे रक्षणच करीत असतो.

आपले प्रश्न, आपले संशोधन

वर उल्लेखिलेले पुष्कळसे संशोधन परदेशांतील आहे. तेथील घरात वजनकाटा असतो, शिजविलेल्या अन्नाच्या डब्यावर मिठाचे प्रमाण छापलेले असते आणि वृद्ध माणूस बहुधा एकटा किंवा जोडीदारासह राहतो. आपल्याकडे स्थिती वेगळी आहे. परदेशी प्रश्नावलीतील 'तुम्ही कमी मिठाचे पदार्थ मागता काय ?' हा प्रश्न शब्दशः मराठीत आणला, तर जो माणूस ताटात येईल ते खातो तो काय उत्तर देणार ? प्रश्नावली मराठीत आणणे म्हणजे केवळ शब्द बदलणे नव्हे. ती रुग्णांना वाचून दाखवावी, त्यांना काय समजले ते विचारावे आणि मगच वापरावी.

परिचर्या महाविद्यालयांतील विद्यार्थिनींनी अभ्यासावेत असे अनेक प्रश्न आहेत. पायाच्या सुजेवरून किंवा वहाणेच्या घट्टपणावरून रुग्णाला बिघाड किती आधी ओळखता येतो ? ऊसतोडीसाठी सहा-सहा महिने स्थलांतर करणाऱ्या कुटुंबातील हृदयरुग्णाची औषधे कशी चालू राहतात ? घरी एक भेट आणि दोन दूरध्वनी पुरतात की अधिक लागतात ? यांची उत्तरे रुग्णांच्या संमतीने, काळजीपूर्वक नोंदी ठेवून आणि प्रतिकूल निष्कर्षही न लपविता मिळवली पाहिजेत. त्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. वही, वजनकाटा, चिकाटी आणि वरिष्ठांचे प्रोत्साहन लागते.

शस्त्रक्रियेने आणि नव्या औषधांनी हृदयरुग्णांचे आयुष्य वाढविले आहे. ते वाढलेले आयुष्य धाप न लागता, पुन्हापुन्हा रुग्णालयाच्या फेऱ्या न घालता, कुटुंबावर कर्जाचा बोजा न वाढविता कसे जगता येईल, हा पुढचा प्रश्न आहे. त्याचे बरेचसे उत्तर परिचर्या संशोधनाने दिले आहे. रुग्णाला शिकवावे, त्याच्या घरच्यांना सामील करून घ्यावे, पहिल्या काही आठवड्यांत त्याची साथ सोडू नये आणि केलेल्या कामाचे मोजमाप ठेवावे. आपल्या गावात रुग्णालयातून परतलेला पुढचा हृदयरुग्ण येईल, तेव्हा त्याची पहिली विचारपूस कोण करणार, हे अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्यांनी एकत्र बसून आजच ठरवावयास हवे.